तिसऱ्या फुटावरची माती

श्रावणातल्या अखेरच्या सोमवारी गांधीग्रामच्या घाटावर पूर्णेचे पाणी भरून कावडी अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघतात. ते पाणी गढूळ असते, पण गोड असते. त्याच घाटापासून थोडे आत, कोणत्याही वावरातल्या विहिरीचे पाणी ओंजळीत घेऊन चाखून पाहा. खारट लागेल. वर गोड पाण्याची नदी आणि पायाखाली खारे पाणी, हे कोडे आपल्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला लहानपणापासून सवयीचे झालेले असते, म्हणून त्याचे उत्तर तो शोधत नाही. या लेखात ते उत्तर मातीत शोधायचे आहे, आणि तेही तुमच्या स्वतःच्या वावरात, कुदळ-फावडे घेऊन. त्यासाठी कार्तिक ते पौष हे महिने सगळ्यांत चांगले. पाऊस संपलेला असतो, हवा कोरडी आणि गार असते, वरची माती सुकलेली आणि खालची अजून ओलसर असते. जमिनीचा खरा स्वभाव या दिवसांत जितका स्पष्ट दिसतो तितका जूनच्या चिखलात किंवा मेच्या भेगांत दिसत नाही.

पूर्णा सातपुड्यात उगम पावते आणि अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून वाहत जाऊन चांगदेवजवळ तापीला मिळते. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, आणि मधला हा खचलेला खोलगट भाग. लाखो वर्षे दोन्ही बाजूंच्या नद्यांनी त्यात गाळ आणून टाकला: काटेपूर्णा, मोर्णा, मन, निर्गुणा, पेढी, शहानूर, वान. हा थर काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, शेगाव, संग्रामपूर हा सगळा मुलूख या गाळावर वसलेला आहे. खारपाणपट्ट्यात गावे नऊशेच्या घरात आणि क्षेत्र साडेचार लाख हेक्टरांहून अधिक धरले जाते.

पूरमैदानाची जमीन एकसारखी नसते, हे आधी मनात पक्के करा. नदीला पूर आला की काठ ओलांडताच पाण्याचा वेग मोडतो आणि जड कण, म्हणजे रेती आणि पोयटा, तिथेच पडतात. म्हणून काठालगतचा पट्टा थोडा उंच, भुसभुशीत आणि पाणी पटकन पिणारा असतो. बारीक चिकण कण मात्र पाण्याबरोबर दूर जातात आणि साचलेल्या संथ पाण्यात हळूहळू तळाला बसतात. तिथे तयार होते ती आपली भारी काळी जमीन, शंभरात पन्नास-साठ भाग चिकणमाती असलेली. म्हणजे नदीपासून दूर गेलो की जमीन हलकी होत जाते असा जो समज आहे तो इथे उलटा ठरतो. एकाच गावात काठावरच्या वावरात केळी उभी राहते आणि दोन धुरे सोडून पलीकडे पाणी दिले की पीक पिवळे पडते, त्यामागे हेच आहे. शेजाऱ्याचा सल्ला ऐकण्याआधी त्याचे वावर नदीच्या कोणत्या बाजूला, किती अंतरावर आणि किती उंचीवर आहे ते पाहा.

आता खार कुठून आला? एका जुन्या शेतकऱ्याने मला हाच प्रश्न विचारला होता, "पांढरं तं काईच दिसत नाई न भाऊ, मंग खार आला कुठून?" प्रश्न अगदी नेमका होता. कालव्याच्या भागातल्या क्षारपड जमिनीवर पांढरी साय येते, लांबूनच ओळखू येते. पूर्णेच्या खोऱ्यात बहुतेक वावरांत ती दिसत नाही. वरची माती काळीभोर, कसदार वाटते. दोष खाली असतो.

कोरड्या हवेतल्या पूरमैदानांचा एक स्वभाव जगभर सारखा आहे. जमिनीत मुरते त्यापेक्षा जास्त पाणी वाफ होऊन वर जाते. आपल्याकडे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने जमीन नुसती पाणी गमावत असते. पाणी जाते, पाण्यातले क्षार जात नाहीत. लडाखात सिंधूच्या काठची शेते पाहा: हवा गार, पाऊस नावालाच, म्हणून तिथेही माती अल्कधर्मी आणि सेंद्रिय पदार्थाने गरीब. फरक एवढाच की थंड मुलखात पालापाचोळा कुजायला वेळ लागतो. आपल्याकडे मे महिन्याच्या उन्हात घातलेले शेणखत पाहता पाहता जळून जाते. म्हणजे क्षार साठण्याचा तोटा दोघांनाही, आणि सेंद्रिय पदार्थ टिकण्याचा थंड हवेचा फायदा आपल्याला नाही.

पण आपली गोष्ट इथेच थांबत नाही. माती सुकत जाताना तिच्या ओलीतला कॅल्शियम चुनखडी होऊन बाजूला पडतो. खड्डा खणला की पांढरे खडे दिसतात ते हेच. कॅल्शियम असा बाहेर पडत गेला की मातीच्या कणांना चिकटायला सोडियम उरतो. कॅल्शियम कणांना एकमेकांशी बांधून ठेवतो, सोडियम त्यांना एकमेकांपासून सोडवतो. सुटे झालेले चिकण कण ओल मिळताच पसरतात आणि मातीतली बारीक छिद्रे बुजवून टाकतात. मग पाणी खाली जात नाही, हवा आत शिरत नाही, मुळे दुसऱ्या फुटावर अडतात. याला आपण चोपण जमीन म्हणतो. वावर श्रावणात चिबडते आणि कार्तिकात दगड होते, हे एकाच रोगाचे दोन चेहरे आहेत.

यातला एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या १९५४ च्या प्रसिद्ध पुस्तिकेने विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, शंभरात १५ झाला की जमीन चोपण समजावी असे ठरवले होते, आणि पुष्कळ ठिकाणी अजून तोच आकडा चालतो. ऑस्ट्रेलियाने तिथल्या भारी मातीचा अनुभव घेऊन तो ६ वर आणला. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पूर्णेच्या खोऱ्यातल्या मातीवर काम करून दाखवले की इथे ५ च्या पुढेच पाणी मुरणे मंदावू लागते. तेव्हा अहवालावर सोडियम ८ आहे आणि कोणी "१५ च्या आत आहे, काळजी नको" म्हणाले, तर ते आपल्या जमिनीला लागू नाही.

खड्डा आणि तीन ग्लास

धुऱ्यापासून आणि शेणखताच्या ढिगापासून दूर, वावरातल्या सर्वसाधारण जागी तीन फूट खोल, दोन फूट रुंद खड्डा करा. एक बाजू उभी, स्वच्छ कापलेली ठेवा. खणताना वरच्या, मधल्या आणि खालच्या फुटाची माती तीन वेगळ्या ढिगांत टाका. उन्हे कलतील तेव्हा उभ्या बाजूकडे नीट पाहा.

पहिल्या फुटात माती बारीक कणीदार, मुळांनी भरलेली दिसली पाहिजे. मुळे कुठे थांबली ते बोटाने शोधा. तुरीचे सोटमूळ सरळ खाली जाण्याऐवजी दीड फुटावर आडवे वळलेले दिसले, तर तिथे त्याला काहीतरी अडले आहे. दुसऱ्या फुटाखाली ढेकळे तिरपी, पाचरीसारखी निघतात आणि त्यांच्या अंगावर घासल्यासारखी चकाकी असते. ही चकाकी दोष नाही. भारी काळी माती दरवर्षी फुगते, आकसते आणि एकमेकांवर घसरते, त्याची ती खूण आहे. काळजी करायची ती माती ढेकळात न निघता साबणासारखी गुळगुळीत, घट्ट आणि हवेशिवाय दिसली तर. पांढऱ्या खड्यांची सुरुवात कोणत्या खोलीवर झाली हेही मोजून ठेवा. ते जितके वर, तितकी जमीन जास्त कोरडी राहत आली आहे असे समजा.

आता परीक्षा. तिन्ही फुटांतून हरभऱ्याच्या दाण्याएवढी ढेकळे घ्या आणि दोन दिवस सावलीत सुकवा. प्रत्येक फुटासाठी वेगळ्या, काचेच्या पारदर्शक ग्लासात पाणी घेऊन ढेकूळ हळूच सोडा आणि ग्लास हलवू नका. पाणी मात्र पावसाचे किंवा बॅटरीत घालायचे हवे. आपल्या विहिरीचे मुळीच नको, कारण त्या पाण्यातले क्षारच मातीला धरून ठेवतात आणि दोष झाकला जातो. या एका चुकीने ही परीक्षा अनेकांची फसते.

दहा मिनिटांनी पाहा, मग दोन तासांनी. ढेकूळ फुटून तळाशी चुरा झाला पण पाणी स्वच्छ राहिले, तर माती नुसती विस्कटली. सेंद्रिय पदार्थ वाढवला की सुधारते. ढेकळाभोवती दुधासारखे वलय पसरले आणि दोन तासांनी सगळा ग्लास गढूळ झाला, तर सोडियम आहे. बहुतेक वावरांत पहिल्या फुटाचा ग्लास स्वच्छ आणि तिसऱ्या फुटाचा दुधाळ मिळतो. दुधाळ ग्लासात चिमूटभर जिप्सम टाकून काडीने ढवळा आणि ठेवून द्या. गाळ खाली बसून पाणी निवळू लागेल. वावरात आपल्याला जे करायचे आहे ते टेबलावर डोळ्यांसमोर घडते. घरातल्या पोरांना हे जरूर दाखवा.

ग्लास दिशा दाखवतो, आकडा देत नाही. आकड्यासाठी प्रयोगशाळाच हवी. २०१५ पासून जी मृदा आरोग्य पत्रिका मिळते तिच्यात बारा बाबी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब. विनिमययोग्य सोडियम त्यात नाही, आणि नमुनाही वरच्या वीतभर मातीचाच घेतलेला असतो. पत्रिका उपयोगाची आहे, पण खारपाणपट्ट्याचा मुख्य प्रश्न ती विचारतच नाही. म्हणून तिन्ही फुटांचे नमुने वेगळ्या पिशव्यांत, खोली लिहून, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत न्या आणि सामू, वाहकता, चुनखडीचे प्रमाण आणि विनिमययोग्य सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून मागा. सोबत विहिरीच्या पाण्याची बाटलीही न्या.

बोअरचे पाणी

हे मी माझ्या वावरातल्या अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही बोअर घेतली. पाणी भरपूर लागले, घरात आनंद झाला. पहिल्या रब्बीत हरभऱ्याला दोन पाळ्या दिल्या आणि पीक चांगले आले. दुसऱ्या वर्षी पेरणीनंतर जमिनीवर पापुद्रा धरला आणि उगवण विरळ झाली. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात त्या तुकड्यात पाणी आठवडाभर उभे राहिले. शेजारच्या बिनपाण्याच्या तुकड्यात दुसऱ्या दिवशीच वाफसा आला. दोन्हींमध्ये अंतर एका धुऱ्याचे. तो तुकडा अजून पूर्ण सावरलेला नाही.

हिशेब मी नंतर केला, आधी करायला हवा होता. पाण्याची वाहकता ३ डेसिसीमेन्स प्रति मीटर असेल तर एका लिटरमध्ये सुमारे दोन ग्रॅम क्षार असतात. पाच सेंटीमीटरची एक पाळी म्हणजे एकरी दोन लाख लिटर पाणी. म्हणजे एका पाळीत एकरभर वावरात चारशे किलोच्या जवळपास क्षार आपण हाताने टाकतो, पन्नास किलोची आठ पोती. दोन पाळ्यांची सोळा. पावसाने ते धुऊन खाली न्यावे, तर चोपण थरामुळे पाणी खाली जातच नाही.

पाण्याच्या अहवालात आणखी एक ओळ पाहा, उर्वरित सोडियम कार्बोनेट. ते लिटरला १.२५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आत असेल तर पाणी चालते, २.५ च्या पुढे असेल तर सिंचनाला वापरू नये. मधल्या पाण्याबरोबर जिप्सम द्यावा लागतो. चव मदत करत नाही. असे पाणी चाखायला फार खारट लागतेच असे नाही, आणि म्हणूनच ते अधिक घातक.

मग पाणी कुठून आणायचे? आकाशातून. ज्या चिकणमातीतून पाणी मुरत नाही तिच्यातच शेततळे चांगले टिकते. इथल्या भारी जमिनीत प्लास्टिकचे अस्तर न घालताही पाणी बरेच दिवस राहते. हाच दोष तळ्याच्या बाबतीत गुण ठरतो. पावसाळ्यात भरून घेतलेले हे गोड पाणी तुषार संचाने रब्बीत एकदा, फार तर दोनदा द्या. हरभऱ्याला फुलोऱ्याच्या आधी आणि घाटे भरताना. तळ्याच्या कडा मात्र सरळ उभ्या खणू नका, सोडियमवाली माती पाण्यात विरघळून ढासळते. उतार पसरट ठेवा, काठावर गवत लावा आणि तळ्यात पाणी येण्याच्या वाटेवर गाळ बसायला छोटा खड्डा ठेवा.

जिप्सम कधी आणि किती

नेहमी एक शंका येते. जमिनीत चुनखडी इतकी आहे की खडे वेचता येतात, मग वरून कॅल्शियम कशाला? चुनखडीतला कॅल्शियम अशा अल्कधर्मी मातीत जवळजवळ विरघळत नाही, तो कोठारात आहे पण कुलपात आहे. जिप्सम पाण्यात विरघळतो, लिटरला साधारण अडीच ग्रॅम. त्यातला कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवून त्याची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम सल्फेट होऊन पाण्याबरोबर जातो, अर्थात पाणी जायला वाट असेल तर.

पूर्णा खोऱ्यासाठी साधारणपणे हेक्टरी अडीच टन, म्हणजे एकरी एक टन जिप्समची मात्रा धरतात. नेमकी मात्रा तुमच्या अहवालावरून ठरवा. वरच्या अर्ध्या फुटातला सोडियम शंभर ग्रॅम मातीमागे एक मिलिइक्विव्हॅलंटने कमी करायला हेक्टरी पावणेदोन ते दोन टन लागतो, एवढ्या मोजमापाने सल्ला पडताळता येईल. अडीच टन जिप्सम विरघळायला हेक्टरी दहा लाख लिटर पाणी हवे, म्हणजे दहा सेंटीमीटर पाऊस. म्हणून तो मेच्या अखेरीस किंवा मृगाच्या तोंडावर टाका, वखराने वरच्या अर्ध्या फुटात मिसळा, खोल गाडू नका. थंडीत टाकलेला जिप्सम कोरड्या मातीत तसाच पडून राहतो. त्याची खरेदी मात्र आत्ताच करून ठेवा, मे महिन्यात मिळेलच याचा भरवसा नसतो.

गंधकाचीही तीच गोष्ट. आपल्या मातीत चुनखडी असल्याने गंधकापासून जमिनीतच जिप्सम तयार होतो, पण ते काम जिवाणू करतात आणि गार मातीत ते मंद असतात. ऊब आणि ओल दोन्ही एकत्र मिळतात ती जून-जुलैत.

धैंचा किंवा बोरू हिरवळीला घेऊन फुलोऱ्याच्या आधी गाडला तर मुळांच्या आणि कुजण्याच्या वायूने तीच कुलपातली चुनखडी थोडी थोडी सुटते. जिप्सम आणि धैंचा यांची जोडी एकट्या जिप्समपेक्षा बरी. आणि या दोन्हींच्या आधी चर. वावराच्या सखल बाजूने नाल्यापर्यंत उघडा चर नसेल, तर सुटलेला सोडियम जाणार कुठे? ज्याच्याकडे पैसे एकाच कामापुरते आहेत त्याने ते चरावर घालावेत, असे माझे ठाम मत आहे. पुढच्या खरिपात रुंद वरंबा-सरी करा, जादा पाणी सरीतून चराकडे जाईल.

गार कोरड्या दिवसांतली मशागत

पावसाळ्यानंतर ओल वरून उतरत जाते आणि भेगा उघडतात. भेगेतून खालची ओल सरळ हवेत जाते. वाफसा असतानाच डवरणी करून वरचा दोन बोटे थर भुसभुशीत करा, भेगा बुजतील. वाफसा ओळखायला माती मुठीत दाबा आणि अंगठ्याने ढकला: गोळा फुटला तर चला, चपटा झाला तर दोन दिवस थांबा. ओल्या चोपण जमिनीत घातलेला ट्रॅक्टर जे करून ठेवतो ते पुढे दोन हंगाम निस्तरत नाही.

गार जमिनीत स्फुरद मुळांपर्यंत हळू पोचतो आणि चुनखडी त्याला आणखी अडवते, म्हणून तो वर फोकून न देता पेरणीच्याच वेळी बियाण्याखाली द्या. युरिया वर उघडा टाकला तर अशा जमिनीत त्याचा बराच भाग अमोनिया होऊन उडतो. तो मातीत झाका. कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली तर लोह कमी पडते आहे, त्यावर नत्राचा डोस उपाय नाही.

पिकांत करडई आणि कपाशी हा खार बऱ्यापैकी सोसतात, गहू मध्यम. हरभरा, मूग, उडीद नाजूक. वरचा फूट स्वच्छ असलेल्या वावरात कोरडवाहू हरभरा जरूर घ्या, पण ज्या तुकड्याचा पहिल्याच फुटाचा ग्लास दुधाळ झाला तिथे करडई पेरा. करडईची खोल मुळे खालचा थर थोडा तरी भेदतात. करडई काटेरी आणि सोंगायला त्रासाची म्हणून वऱ्हाडातून मागे पडत गेली, याचे मला फार वाईट वाटते.

पूर येऊन गेलेल्या वावराबद्दल थोडेसे. जुलै २०२१ सारख्या अतिवृष्टीत काठची जमीन खरडून जाते किंवा तिच्यावर गाळ बसतो. गाळ बोटभर पोयट्याचा असेल तर सुकल्यावर वखराने मिसळा, तो लाभच आहे. वीतभर रेती असेल तर ती काढावीच लागते. चिकण गाळ असेल तर आधी त्याची ग्लासातली परीक्षा करा. हा गाळ वरच्या कोणाच्या तरी वावरातून खरडून आलेला असतो, आणि तो दुसऱ्या फुटाचाही असू शकतो.

नमुने काढून झाले की खड्डा त्याच दिवशी बुजवा. तिसऱ्या फुटाचा ढीग आधी खाली, मग दुसऱ्याचा, आणि पहिल्या फुटाची माती शेवटी वर. उलट झाले तर त्या जागी दोन-चार वर्षे काही नीट उगवत नाही. जागेवर खुंटी रोवून धुऱ्यापासूनची पावले वहीत लिहून ठेवा, म्हणजे तीन वर्षांनी जिप्समचा हिशेब पाहायला त्याच्या शेजारीच पुन्हा खणता येईल.